गणितात ब-२ मिळालं म्हणजे नेमकं काय झालं?

नमस्कार मंडळी, आज हातात एक कागद घेऊनच बसलोय. भाचीचं प्रगतीपत्रक, तिसरीचं, पहिल्या सत्राचं. दिवाळीची सुट्टी संपली की हे घरी येतं आणि आपण काय करतो, श्रेण्यांवरून बोट फिरवायचं, अ किती ब किती बघायचं, सही ठोकायची, दप्तरात परत. बहीण सिडकोत राहते, दाजी सातपूरला कंपनीत, त्यांची सेकंड शिफ्ट, बहिणीला ताप, म्हणून यावेळी पालकसभेला मामा गेला.

तर गणितात ब-२. म्हणजे ६१ ते ७० टक्क्यांच्या मधे कुठंतरी. पण घरी हिच्याकडून करून काय घ्यायचं? ते या ब-२ मधून काही कळत नाही बघा.

आधी हे मार्क येतात कुठून ते सांगतो. २०१० पासून आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, नाव लांबलचक आहे पण गोष्ट सोपी. तिसरीला १०० पैकी ६० आकारिकचे, म्हणजे मॅडम वर्गात रोज जे बघतात ते, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी वगैरे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर. पहिली-दुसरीला हेच ७०-३० असतं, सातवी-आठवीला फिरून ४०-६०. त्यामुळे "पेपर तर मस्त गेला होता, मग श्रेणी कमी कशी" असं घरात भांडण होतं ना, त्याचं उत्तर बऱ्याचदा आकारिकमधे असतं.

खरा माल मागच्या बाजूला असतो, वर्णनात्मक नोंदींत. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. हिच्या सुधारणेत काय लिहिलंय, "गणिती क्रियांचा सराव आवश्यक". आता हे वाक्य अर्ध्या वर्गाला चालेल. अशा नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात हे सगळ्यांना माहितीये, आणि मी शिक्षकांना फार बोलणार नाही, वर्गभर पोरं, सगळे विषय, वर ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, माणूस कॉपी-पेस्ट करणारच.

म्हणून मी मॅडमना म्हटलं, मॅडम वही दाखवता का? त्यांनी लगेच काढून दिली. ४०३ वजा १७८. पोरीने लिहिलंय ३७५. बरोबर उत्तर २२५. मी म्हटलं पाठच नाही हिचं. मॅडम म्हणाल्या थांबा, नीट बघा, ३ आणि ८, फरक ५. ० आणि ७, फरक ७. ४ आणि १, फरक ३. पोरगी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय, वर कोण खाली कोण बघतच नाही! आणि खालची पाच गणितं तशीच चुकलेली, सगळी एकाच पद्धतीने. पाढे चोख, बेरीज चोख, अडलंय फक्त दशक सुट्टा करण्यापाशी. आणि आम्ही घरी काय करणार होतो, तर रोज पाढे म्हणून घेणार होतो.

पाचवी आणि आठवीवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या, कारण तिथे आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. तिथे "सराव आवश्यक" एवढ्यावर एप्रिलपर्यंत बसून राहणं परवडणार नाही.

ज्यांना शिफ्टमुळे सभेला जाता येत नाही त्यांनी डायरीत लिहून पाठवा, "कुठं अडतंय ते एका उदाहरणासकट सांगाल का". बहिणीने आता तेच सुरू केलंय. परवा मॅडमचं उत्तर आलं, लाल पेनाने दोनच ओळी: शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा करायला लावा, मग त्यातली एक मोडून दहा सुटे. भाचीने खेळण्यातल्या नोटा काढल्या, ४०३ मांडले, १७८ उचलले, उरलेले मोजले आणि माझ्याकडे बघून म्हणते, मामा, मग वहीत हे असंच का नाही शिकवलं?