सिनिअर पोर्ट्रेट: फोटोच्या आधीचा महिना

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतलं मूल यंदा अकरावी संपवून बारावीत, म्हणजे सिनिअर इयरमध्ये जातंय, त्या घरांसाठी आजचं बोलणं आहे. उन्हाळ्यात शाळेकडून निरोप येतो की सिनिअर पोर्ट्रेटची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या खास फोटोची, वेळ घ्या. भारतात शिकलेल्या आईवडिलांना वाटतं, ओळखपत्रासारखा फोटो असणार, दहा मिनिटांचं काम. मग ऐन वेळी धावपळ होते आणि ती मुलाच्या चेहऱ्यावर दिसते.

आधी एक गुंता सोडवून घ्या. हे फोटो दोन प्रकारचे असतात. पहिला इयरबुकचा, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या आठवणींच्या पुस्तकातला. तो बऱ्याच शाळांत शाळेने नेमलेल्या स्टुडिओकडेच काढावा लागतो. पार्श्वभूमी ठरलेली, चौकट खांद्यापर्यंतची, आणि अंगावर स्टुडिओचंच काळं ड्रेप, म्हणजे खांद्यांभोवती गुंडाळायचं कापड, किंवा टक्सिडो, म्हणजे समारंभाचा काळा कोट. दुसरा घरासाठी, नातेवाइकांना पाठवायचा. तो तुमच्या पसंतीच्या फोटोग्राफरकडून बाहेर मोकळ्यावर काढता येतो. दुसऱ्यातलाच एखादा इयरबुकला चालेल असं गृहीत धरू नका. काही शाळा घेतात, काही मुळीच घेत नाहीत. इयरबुकचं काम बघणाऱ्या शिक्षकांना तीन गोष्टी विचारा: बाहेरचा फोटो चालतो का, फाइल केवढी हवी, शेवटची तारीख कोणती. ही तारीख बहुतेक ठिकाणी शरद ऋतूतच असते. आईवडील इयरबुकात मुलाच्या बालपणीचे फोटो घालून शुभेच्छांचं पान देतात, त्याची मुदत वेगळी असते, तीही तेव्हाच विचारून घ्या.

ड्रेपमध्ये गळा आणि खांदे उघडे राहतात, म्हणून आत बिनपट्ट्यांचा टॉप हवा. टक्सिडोच्या आत साधा पांढरा टी-शर्ट पुरतो. आत कॉलरचा शर्ट घातला तर गळ्याशी फुगवटा दिसतो.

आता बाहेरच्या फोटोकडे वळू, कारण खरी तयारी त्याचीच. फोटोग्राफर निवडताना त्याचं जुनं काम बघा आणि त्यात सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांचे फोटो आवर्जून मागा. हल्ली फिकट, दुधाळ रंगांची एक शैली चालते. तिच्यात सगळं उजळवलं जातं, आणि आपली त्वचा राखाडी नाहीतर नारिंगी दिसू लागते. उजळ आकाश पाठीमागे असेल आणि कॅमेरा आपोआप मोजणीवर असेल, तर चेहरा काळवंडतो. जाणकार माणूस प्रकाश चेहऱ्यावरून मोजतो. आणि पालकांना कळकळीची विनंती: ‘जरा गोरा करा हो’ असं फोटोग्राफरला सांगू नका. मूल ते ऐकत असतं. मुरूम पुसायला सांगा, तो आठ दिवसांत जाणारच आहे. तीळ आणि रंग जसेच्या तसे राहू द्या.

पैशांचं बोलणं लेखी असावं. फोटो काढण्याची फी वेगळी आणि प्रिंट किंवा फाइलींचे पैसे वेगळे, हे इथे सर्रास असतं. किती कपडे बदलता येतील, किती फाइली मिळतील, बाहेर प्रिंट काढायची परवानगी आहे का, पाऊस आला तर काय, एवढं आधीच ठरवा.

वेळ सूर्यास्ताआधीची घ्या. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात आणि मूल डोळे बारीक करतं. न्यू जर्सीत जूनअखेर सूर्य साडेआठला मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास. दीड-दोन तास आधी सुरुवात धरली, तर ऑक्टोबरात साडेचार वाजतात, आणि ती शाळेच्या सरावाची वेळ असते. म्हणून ऑगस्ट बरा.

कपडे आठ दिवस आधी घालून, बसून, हात वर करून बघा. अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकडी टाळा. कॅमेऱ्यात त्यांच्यावर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती नीट निघत नाही. झगझगीत पोपटी किंवा गुलाबी रंगाची झाक हनुवटीखाली चढते. इस्त्री करून हँगरवरच न्या. मनगटावरचं रबर, घड्याळ, खिशातला फोन आधी काढून ठेवा. नेहमी राहतात ते हेच.

पैठणी, नऊवारी किंवा कुर्ता घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण साडी घरूनच नेसून जा आणि तेच फोटो पहिले काढा, बागेतल्या स्वच्छतागृहात निऱ्या नीट बसत नाहीत. सेफ्टी पिना आतल्या बाजूने लावा. समोरून फ्लॅश पडला की जरीवर पांढरे डाग दिसतात, म्हणून बाजूने येणारा मऊ प्रकाश मागा. नथीची सावली वरच्या ओठावर पडते. चेहरा किंचित प्रकाशाकडे वळवला की ती जाते. आणि चपला बघून घ्या, कारण कोल्हापुरी ओल्या गवतावर घसरते.

चष्मा रोज असेल तर फोटोतही असू द्या. मात्र उन्हात काळ्या होणाऱ्या काचा फोटोत गॉगलसारख्या दिसतात. चष्म्याच्या दुकानात विचारून त्याच फ्रेमची बिनकाचेची प्रत मिळते का बघा. ती नसेल तर काड्या कानावर किंचित वर उचला, काच थोडी खाली झुकते आणि चकाकी डोळ्यांवरून हटते.

केस आठ-दहा दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी, म्हणजे लाली उतरते. नवीन क्रीम, नवीन फेशियल त्या आठवड्यात नकोच. पोहणाऱ्या आणि मार्चिंग बँडमधल्या मुलांच्या अंगावर उन्हाचे पट्टे असतात, ते फोटोतून काढणं फार जिकिरीचं, तेव्हा महिनाभर आधीपासून काळजी घ्या. फ्लॅशने फोटो असतील तर झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन जाड थापू नका. चेहरा मानेपेक्षा पांढराफटक येतो.

जागा निवडताना बोटॅनिकल गार्डन, विद्यापीठाचं आवार यांची परवानगी आणि फी आधी विचारा. मुलांना रेल्वेचे रूळ फार आवडतात, तिथे ठाम नाही म्हणा. अमेरिकेत रूळ ही खासगी मालमत्ता असते, त्यावर जाणं बेकायदा. ताशी 55 मैलांनी येणाऱ्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं, आणि डबे रुळांच्या बाहेर दोन्हीकडे निदान तीन फूट येतात. गंजका रूळ दिसला म्हणून तो बंद आहे असं समजू नका.

त्या दिवशी पोटभर जेवून जा. उपाशी मुलाचं हसू अर्ध्या तासात संपतं. पाणी, कंगवा, टिश्यू, लिप बाम एवढं पिशवीत पुरे. मूल तबला, व्हायोलिन वाजवत असेल, ढोल-ताशा पथकात असेल, तर वाद्य न्या. हातांना काम मिळालं की खांदे सैल पडतात. आणि आईवडिलांनी थोडं लांब उभं राहावं. मागून ‘नीट हस, मान सरळ ठेव’ सुरू झालं की मूल फोटोग्राफरकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं.

फाइली आल्या की शाळेला किंवा भारतात आजीआजोबांना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, त्यात ती दाबून लहान केली जाते. ड्राइव्हची लिंक द्या. कॅमेऱ्याची चौकट बहुधा तीनास दोन या प्रमाणात असते, पण अमेरिकेत प्रिंट 8 बाय 10 ची मागतात. त्या मापात लांब बाजूचा सहावा भाग कापला जातो, आणि पूर्ण उभ्या फोटोत पाय तरी जातात नाहीतर केस तरी. पुण्या-सांगलीच्या लॅबमध्ये 8 बाय 12 सहज मिळतं. परवानगीचं पत्र आणि मूळ फाइल पाठवा, तिकडे ती पूर्ण छापून निघेल.