एका मुलामागे सव्वीस डॉलर

(पडद्यावर जुनं कृष्णधवल छायाचित्र. शाळेची विटांची इमारत. निवेदन सुरू.)

१६ मे १९६८. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं सॅन अँटोनियो शहर. एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं भर शाळेच्या वेळेत वर्ग सोडून बाहेर पडली आणि थेट शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. शिकवायला पात्र शिक्षक द्या. फुटक्या खिडक्या बसवा. स्वच्छतागृहं वापरण्याजोगी करा.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे मागण्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. त्यांच्या आईबापांनी हे पाहिलं आणि ते वकिलाकडे गेले. त्यांच्यात दिमित्रिओ रॉड्रिगेज होते. जवळच्या हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा हा माणूस दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. त्यांची मुलं ज्या प्राथमिक शाळेत जात, तिथं वटवाघळांचा वावर होता आणि इमारतीचा वरचा मजला धोकादायक म्हणून बंद केलेला होता.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, अधिकारी पैसे खातात. हिशेब तपासल्यावर मात्र कळलं की एजवूडकडे खाण्याइतके पैसेच नव्हते.

(पडद्यावर दोन रकाने: एजवूड आणि अलामो हाइट्स.)

हा हिशेब नीट बघू या, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. अमेरिकेत शाळा चालवणं ही राज्याची जबाबदारी. पण राज्यांनी त्यातला मोठा भार शाळांच्या स्थानिक जिल्ह्यांवर, म्हणजे शाळा चालवणाऱ्या छोट्या विभागांवर टाकला होता. हे जिल्हे आपल्या हद्दीतल्या घरांवर आणि कारखान्यांवर मालमत्ता कर लावायचे आणि त्यातून शाळा चालवायचे. घरं महाग असतील तर शाळा श्रीमंत, घरं स्वस्त असतील तर शाळा गरीब.

एजवूड हा असाच एक जिल्हा, वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. तिथले लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे एक डॉलर पाच सेंट कर भरत होते. त्याच शहराच्या कुशीतल्या सधन अलामो हाइट्समध्ये हा दर होता पंच्याऐंशी सेंट. म्हणजे आपल्या ऐपतीच्या मानानं गरीब माणसंच जास्त कर भरत होती. आणि त्यातून हाती काय येत होतं? १९६७-६८ या वर्षी एजवूडमध्ये एका मुलामागे २६ डॉलर. अलामो हाइट्समध्ये ३३३.

आता कुणाला वाटेल, ही तफावत भरून काढायला राज्य सरकार आहेच की. राज्याचा रकाना वाचा. एजवूडला एका मुलामागे २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सला २२५. गरीब वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला राज्याचे तीन डॉलर कमीच आले. केंद्राची मदत एजवूडला जास्त होती, १०८ डॉलर, तर अलामो हाइट्सला ३६. तरीही बेरीज केली की एकीकडे ३५६ आणि दुसरीकडे ५९४. एजवूडमधले जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते. चांगला शिक्षक मिळाला तरी टिकत नव्हता, कारण शेजारचा जिल्हा जास्त पगार देत होता.

पालकांनी राज्याविरुद्ध भरलेल्या खटल्यात खालच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. राज्य सरकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ मार्च १९७३ रोजी तिथं पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले. न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताचा निकाल लिहिला: शिक्षण महत्त्वाचं आहे, पण देशाच्या राज्यघटनेनं हमी दिलेल्या मूलभूत हक्कांत ते नाही. शिवाय जास्त पैशानं शिक्षण चांगलं होतं का, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही, असंही त्यात नोंदवलं गेलं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत सविस्तर लिहिलं. वर्णभेदी शाळांविरुद्धचा १९५४ चा ऐतिहासिक खटला वकील म्हणून लढलेले हेच ते मार्शल.

एका मताच्या फरकानं हा दरवाजा बंद झाला, आणि माझ्या मते त्याची किंमत पुढच्या कित्येक पिढ्यांनी मोजली. मात्र लोक थांबले नाहीत. देशाच्या घटनेत शिक्षणाचा हक्क नसला, तरी राज्यांच्या घटनांमध्ये शाळांची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली होती. मग लढाई राज्याराज्यांच्या न्यायालयांत सुरू झाली. १९८९ मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याची सबंध शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाला ती नव्यानं उभी करावी लागली.

१९८९ च्याच ऑक्टोबरमध्ये एजवूडही जिंकलं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात, एकमतानं. त्या वेळी राज्यातल्या सर्वांत श्रीमंत जिल्ह्याकडे एका मुलामागे १ कोटी ४० लाख डॉलरची करपात्र मालमत्ता होती, सर्वांत गरीब जिल्ह्याकडे सुमारे २० हजारांची. सातशेला एक. त्यानंतरचे कायदेही न्यायालयात अडकत राहिले. अखेर १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या करातला वाटा गरीब जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा झाला आणि तो न्यायालयात टिकला. खटला दाखल झाला तेव्हा शाळेत जाणारी मुलं तोवर मोठी होऊन संसाराला लागली होती.

(पडद्यावर रिकामा वर्ग, बाकांवर सकाळचं ऊन.)

आता तो जुना प्रश्न. पैशानं मुलं शिकतात का?

१९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला होता. मुलाच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा, असं त्यात दिसलं. हे वाक्य पुढं अनेकांनी शाळांना निधी नाकारण्यासाठी वापरलं. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, अर्थतज्ज्ञ किराबो जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. न्यायालयाच्या निकालांमुळे ज्या जिल्ह्यांचा निधी अचानक वाढला, तिथली मुलं मोठेपणी कुठं पोहोचली, हे त्यांनी शोधलं. गरीब घरातल्या मुलांवर बाराही वर्षं दहा टक्के जास्त खर्च झाला, तर मोठेपणी त्यांची मजुरी साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

म्हणजे पैशानं फरक पडतो. पण तो पैसा वर्गात काय होऊन पोहोचतो, हेही पाहायला हवं. त्यासाठी मिसिसिपीला जाऊ.

२०१३ मध्ये दिमित्रिओ रॉड्रिगेज वारले. त्याच वर्षी मिसिसिपीनं वाचनाचा कायदा केला. हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत तिथल्या मुलांची सरासरी होती २०९, देशाची २२१. क्रमांक एकोणपन्नासावा.

तिथल्या पहिलीच्या वर्गाची कल्पना करा. पुस्तकात पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजाचं चित्र, खाली शब्द. जुन्या पद्धतीत मूल चित्राकडे बघून म्हणे, ‘बोट’. आणि बाई म्हणत, छान, जवळपास बरोबर. पण कागदावर ‘शिप’ लिहिलेलं असे. मूल वाचत नव्हतं, अंदाज बांधत होतं. चौथीत पुस्तकातली चित्रं कमी झाली की ते उघडं पडे. आता बाई चित्र हातानं झाकतात. तर्जनी अक्षरांवर. श्... इ... प्. पुन्हा. शिप. मुलाचा आवाज दुसऱ्या खेपेला जरा मोठा होतो.

एवढ्या छोट्या बदलामागे मोठं काम होतं. हजारो शिक्षकांना वाचन कसं घडतं, याचं प्रशिक्षण नव्यानं दिलं गेलं. सर्वांत मागे पडलेल्या शाळांमध्ये राज्यानं वाचन-मार्गदर्शक पाठवले. ते वर्गात बसत, स्वतः धडा घेऊन दाखवत, मग शिक्षकाशी बोलत. तपासणीचा शेरा मारून निघून जाणारे हे साहेब नव्हते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. शिशुवर्गापासून तिसरीपर्यंत वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाची चाचणी होई आणि मूल अडखळत असेल तर पालकांना लेखी कळवलं जाई.

कायद्यात एक कठोर कलमही होतं: तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलाला चौथीत पाठवायचं नाही. त्यावर टीका झाली, आजही होते, आणि ती मी समजू शकते. मागं राहण्याचा घाव मुलाच्याच मनावर बसतो. म्हणून त्याआधीच्या वर्षांत मोठ्यांनी त्या मुलासाठी काय केलं, ते आधी विचारायला हवं.

(पडद्यावर रेषा चढत जाते.)

२०२४. चौथीच्या वाचनात मिसिसिपीची सरासरी २१९, देशाची २१४. क्रमांक नववा. आठवीत मात्र अशी झेप अजून दिसलेली नाही. वाचायला शिकलेल्या मुलाला पुढं विज्ञान, इतिहास, भरपूर पुस्तकं द्यावी लागतात, आणि ते काम लांबलचक आहे.

निधीच्या बाबतीत मिसिसिपीचा इतिहासही अभिमानाचा नाही. १९९७ मध्ये राज्यानं शाळांच्या अनुदानाचं सूत्र कायद्यानं ठरवलं, पण पुढच्या पाव शतकात ठरलेली पूर्ण रक्कम शाळांना दिली फक्त दोनदा. जे घडलं ते शिक्षकांनी तुटपुंज्या पैशात घडवलं.

ते जुनं सूत्र २०२४ मध्ये बदललं. आता प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम ठरते, पहिल्या वर्षी ती होती ६,६९५ डॉलर. मूल गरीब घरातलं असेल तर त्यावर आणखी तीस टक्के. आणि शाळेच्या परिसरात गरिबी दाट असेल तर त्याहून थोडे जास्त.

(पडद्यावर पुन्हा ते दोन रकाने. २२२ आणि २२५.)

एजवूडच्या मुलांना तेव्हा तीन डॉलर कमी मिळाले होते.