वाळूला उकळी

(दृश्य : काचेची उभी नळी, निम्मी वाळूने भरलेली. कॉम्प्रेसरचा आवाज.)

ही नदीतली साधी वाळू. धुऊन, वाळवून, चाळून एका मापाची केलेली. खालून हवा सोडली आहे, पण वाळू अजून जागची हललेली नाही. हवा कणांमधल्या फटींतून वाट काढत वर निघून जाते आहे.

आता शेजारच्या, दाब दाखवणाऱ्या यू-नळीतलं रंगीत पाणी बघा. हवा वाढते तसं ते चढतंय. चढतंय... आणि इथे थांबलं. हवा अजून वाढतेच आहे, दाब मात्र वाढत नाही. कारण वाळूचं सगळं वजन आता हवेने पेललं आहे. आधण आल्यासारखी वाळू खदखदायला लागते. यालाच म्हणतात फ्लुइडायझेशन.

(दृश्य : चेंडू आणि नट.)

तळाशी पुरलेला टेबल टेनिसचा चेंडू आपसूक वर आला. वर ठेवलेला लोखंडी नट बुडाला. कोरडी वाळू, पण वागणं पाण्याचं.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली ती १९५० मध्ये. याच भागातल्या एका लॅबमध्ये आमच्या संशोधक मॅडम हवा आणि कण यांचं हे नातं मोजतात. विषय जुना आहे. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ मध्ये कोळशाच्या भुकटीपासून गॅस काढायला हीच युक्ती वापरली. १९७३ मध्ये डेरेक गेल्डार्ट यांनी भुकट्यांचे चार गट पाडले. त्यातले तीन इथे बघू. वाळूत लगेच बुडबुडे येतात. रिफायनरीतला बारीक उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारी भुकटी, आधी संथपणे फुगतो, मग त्यात बुडबुडे उठतात. आणि ही तिसरी नळी, हिच्यात मैदा आहे. कण एकमेकांना इतके चिकटतात की हवा एक भेग पाडते आणि तिच्यातूनच पळते.

पावसाळ्यात दमट हवेने अशा भुकटीचे गोळे होतात. थंडीत हवा कोरडी, मग स्थिर विजेमुळे कण नळीला चिकटून बसतात. पुण्याची हवाही प्रयोगात उतरते, म्हणून रीडिंगच्या वहीत तापमान आणि आर्द्रता रोज लिहायची.

(दृश्य : संगणकाचा पडदा, रंगीत आलेख.)

आज कण न् कण संगणकावर हलवता येतो. मॅडमही ते करतात. पण हवा कणाला किती ओढते, याची सूत्रं आली कुठून? अशाच नळ्यांतून. साबरी एर्गुन यांचं १९५२ चं समीकरण आजही मॉडेलमध्ये बसलेलं आहे. पडदा कितीही देखणा असो, नळीशिवाय त्याची खात्री पटत नाही.

(दृश्य : अरुंद नळी.)

इथे बुडबुडा नळीइतकाच रुंद झाला, आणि वाळूचा अख्खा थर दट्ट्यासारखा वर ढकलला गेला. मोठ्या टाकीत असं होत नाही. त्यामुळे इथले आकडे उचलून कारखान्यात लावता येत नाहीत. पुढची नळी म्हणूनच रुंद घेतली आहे.

मुंबईत माहुलच्या रिफायनरीत जड तेलाचं पेट्रोल होतं, औषधांच्या कारखान्यात ओली भुकटी वाळते, ते याच तत्त्वावर.