साय काय, आणि पुढे काय

(मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अमेरिकेत शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मसालेभातानंतर व्याख्यान ठेवणाऱ्यांच्या धाडसाला नमस्कार. कुणाला पेंग आली तर खुशाल घ्या. मी वर्गात शिकवते, मला सवय आहे.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, सायकॉलॉजी करते. "अगं, तिला ईमेल आलाय. पन्नासएक डॉलर भरा आणि सभासद व्हा म्हणे. नाव विचारलं तर म्हणते, साय काय. मी म्हटलं, साय? काय? दुधावरची?"

साय काय (Psi Chi) ही मानसशास्त्राच्या हुशार विद्यार्थ्यांची सन्मान-संस्था, म्हणजे ऑनर सोसायटी. पण काकांना वाटलं होतं की कुणीतरी पोरीला गंडवतंय. त्यांची शंका रास्त होती. 'तुमची निवड झाली आहे' असं म्हणून पैसे मागणाऱ्या संस्था या देशात कमी नाहीत. यावर उपाय सोपा आहे: आपल्या विभागात जाऊन विचारायचं, या संस्थेचा चॅप्टर, म्हणजे शाखा, इथं आहे का, आणि त्याचे प्राध्यापक-सल्लागार कोण? नाव आणि खोली क्रमांक मिळाला की निम्मी शंका फिटते. साय कायचं सभासदत्व विभागातल्या चॅप्टरमार्फतच मिळतं. पैसेही एकदाच भरायचे, दरवर्षी वर्गणी नाही.

आता हे नाव. 'साय' आणि 'काय' ही दोन ग्रीक अक्षरं. पहिलं मनासाठीच्या ग्रीक शब्दाचं आद्याक्षर, दुसरं हातांसाठीच्या. मूळ नाव मात्र वेगळंच होतं. कॅन्सस विद्यापीठातले एडविन न्यूमन आणि फ्रेडरिक लुइस हे दोन विद्यार्थी. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची देशभराची एक संस्था असावी असं त्यांच्या डोक्यात आलं. सप्टेंबर १९२९ मध्ये येल विद्यापीठात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेत अशी परिषद पहिल्यांदाच होत होती. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेले, ऐंशीला टेकलेले पाव्हलॉव्ह रशियाहून आले होते. त्या गर्दीत या मंडळींनी आपली संस्था स्थापन केली आणि तिचं नाव ठेवलं 'सिग्मा पाय सिग्मा'. मग कळलं की भौतिकशास्त्रवाल्यांनी हेच नाव १९२१ सालीच घेतलंय! बारसं झाल्यावर शेजारच्या घरात त्याच नावाचं मूल निघावं, तसं झालं. पुढच्या वर्षी नाव बदलून 'साय काय' केलं. २००९ पासून संस्था अधिकृतपणे आंतरराष्ट्रीय आहे.

मला या गोष्टीतली पाव्हलॉव्हपेक्षा ती दोन पोरं जास्त आवडतात. परिषदेत मोठी माणसं बोलतात आणि विद्यार्थी मागच्या रांगेत बसून टिपणं काढतात. यांनी तिथंच आपली बैठक मांडली.

सभासद व्हायला काय लागतं, ते एका दमात सांगते. तीन सत्रं पूर्ण, मानसशास्त्राचे किमान नऊ क्रेडिट, जीपीए (सरासरी गुण, चारपैकी) किमान ३.०, आणि वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांत नंबर. चॅप्टरची अट याहून कडक असू शकते. पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्टही सांगते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बऱ्याच नोकऱ्यांत नुसत्या पदवीवर पगाराची जी पायरी मिळते, तिच्या वरची, म्हणजे जीएस-७, अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या सभासदत्वावर मागता येते. पण थांबा, तीच पायरी ३.० च्या जीपीएवरही मागता येते. म्हणजे ज्याला हे प्रमाणपत्र मिळतं, त्याला बहुधा त्याची गरज नसते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण 'रेझ्युमेवर एक ओळ वाढेल' एवढ्यासाठी येणाऱ्यांना मी दारातच सांगते: ओळ वाढेल, पण वाचणारा थांबणार नाही. त्या ओळीखाली 'काय केलं?' याचं उत्तर हवं.

आपल्याकडे मान म्हटला की शाल, श्रीफळ आणि फोटो. मीही तेच केलं होतं. मास्टर्सला असताना मला हे प्रमाणपत्र मिळालं, मी फोटो काढून आईला पुण्याला पाठवला. आईनं बिल्डिंगभर पेढे वाटले. त्यानंतर त्या चॅप्टरच्या एकाही मीटिंगला मी गेले नाही. दोन वर्षांत एकाही! ते प्रमाणपत्र आजही माझ्या सूटकेसच्या आतल्या कप्प्यात आहे. पुढे मी शिकवायला लागले आणि विभागप्रमुखांनी "तुम्ही सभासद आहात ना?" म्हणून सल्लागारपद माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा पहिल्यांदा मी त्या खोलीत गेले.

चार पोरं आणि दोन पिझ्झे. अध्यक्षीणबाई शेवटच्या वर्षाच्या, मेमध्ये जाणार. खजिनदाराचा पत्ता नाही. हिशेब बुटाच्या खोक्यात, चुरगळलेल्या पावत्यांच्या रूपात. बँक खात्यावर सही मागच्या वर्षीच्या मुलाची, आणि तो आता दुसऱ्या राज्यात. ज्यांनी गणपती मंडळात काम केलंय त्यांना हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल. आरतीला दोनशे, वर्गणी गोळा करायला चार.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच सांगते. अध्यक्ष होऊ नका, खजिनदार व्हा. विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेकडून निधी मागायचा अर्ज एकदा भरून बघा. पाहुण्या वक्त्याच्या विमानाचं तिकीट कुठल्या शीर्षकाखाली बसतं आणि पिझ्झा का बसत नाही, हे ज्याला कळलं, त्याला पुढे कुठलंही संशोधन अनुदान घाबरवत नाही. सभासद नसलात तरी बहुतेक चॅप्टरच्या मीटिंगला बसता येतं. वरच्या ३५ टक्क्यांत नसलेल्यांनी हे लक्षात ठेवा. आमच्याकडची सगळ्यात कामाची मुलगी दीड वर्ष सभासदच नव्हती. ग्रेड नंतर वर आले.

तिचीच गोष्ट सांगते. मुलगी नाशिकची. तिला स्ट्रूपच्या प्रयोगाचं वेड लागलं. जॉन रिडली स्ट्रूपचा हा प्रयोग १९३५ चा आहे. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहायचा आणि समोरच्याला विचारायचं, शाईचा रंग कोणता? तोंडातून 'लाल' यायला लागतं, जीभ अडखळते, वेळ लागतो. कारण वाचता येणाऱ्याला न वाचणं जमत नाही. हिचा प्रश्न असा की इथं वाढलेली मराठी मुलं देवनागरी 'लाल'ला अडखळतील का? घरी मराठी बोलतात, पण वाचतात किती?

चॅप्टरमधल्या तिघांनी मिळून ते काम घेतलं. आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी. त्यातच सात आठवडे गेले. मग संमतीपत्रं, मग माणसं शोधणं. मिळाले अकरा. अकरा माणसांवर काही सिद्ध होत नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी पोस्टर केलं आणि शिकागोला, मिडवेस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनाला गेलो. तिथं साय कायच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी पोस्टर सत्रं असतात. पामर हाऊस हॉटेल, छतावर चित्रं, खाली आमची पोरं पोस्टरची नळी सांभाळत लिफ्टच्या रांगेत.

पहिली वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. मग एक वयस्क बाई आल्या, चष्मा कपाळावर. पोस्टर सावकाश वाचलं, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यांना ही लिपी किती वर्षांपासून वाचता येते?"

आमची मुलगी गप्प. हे विचारलंच नव्हतं! प्रश्नावलीत वय होतं, लिंग होतं, कुठल्या हाताने लिहिता ते होतं. प्रश्न वाचण्याचाच, आणि वाचनाची वर्षं विचारायची राहिली. मीही तो कागद चार वेळा तपासला होता, बरं का. म्हणजे चूक तिची एकटीची नाही.

परतीच्या बसमध्ये ती कुणाशी बोलली नाही. मला वाटलं रडतेय. बघितलं तर मांडीवर कागद घेऊन नवी प्रश्नावली लिहीत होती. पहिला प्रश्न: देवनागरी वाचायला कधी शिकलात? दुसरा: शेवटचं मराठी पान कधी वाचलंत? दुसरा मी खोडायला लावला. लोक खोटं सांगतात.

हे काम पुन्हा करून नीट झालं, तर संस्थेच्या जर्नलकडे पाठवता येईल. ते जर्नल १९९६ पासून निघतं आणि विद्यार्थ्यांचं लेखनही समीक्षेला घेतं. आधी झालेला प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांचंही तिथं स्वागत असतं. छापलं जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही. अकराचे साठ व्हायला हवेत.

म्हणून आज ती इथं आलीये. बाहेर चहाच्या टेबलापलीकडे लॅपटॉप घेऊन बसलेली, ती पिवळ्या कुडत्यातली. अठरा पूर्ण झालेले, आणि देवनागरी सरसर वाचणारे, अडखळत वाचणारे, अजिबात न वाचणारे, सगळे चालतील. न वाचणारे तर जास्तच हवेत, लाजू नका. संमतीपत्र वाचून सही करायची, दहा मिनिटं बसायचं. रंग ओळखता आले पाहिजेत, एवढीच अट.

आणि काका, तुम्ही मागच्या रांगेत दिसताय मला. चहा नंतर घ्या, आधी तिकडे.