कात्रण, तारीख आणि मराठी प्रेसनोट

मित्रहो, मुसलमानांबद्दलच्या चुकीच्या बातमीला उत्तर कसं द्यायचं हे सांगायचं कबूल केलंय. त्याआधी एक निकाल समोर ठेवतो, कारण तो आपल्याच खंडपीठाचा आहे.

मार्च 2020 मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या मरकजची, म्हणजे तबलिगी जमात या धर्मप्रचारक संघटनेच्या केंद्राची, कोरोना पसरल्याची बातमी आली आणि अनेक ठिकाणी नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. नगर जिल्ह्यात मशिदींत थांबलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले. घाना, टांझानिया, इंडोनेशियाची माणसं ती. 21 ऑगस्ट 2020 रोजी औरंगाबाद खंडपीठानं 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि दृश्य माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा म्हणून निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असं न्या. नलावडे यांनी निकालपत्रात लिहिलं. दुसरे न्यायमूर्ती सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते, काही निरीक्षणांशी नव्हते. हेही सांगायलाच हवं. अर्धवट बातमीबद्दल तक्रार करणाऱ्यानं निकाल तरी पुरता सांगावा.

माझं खरं दुखणं रोजच्या पानाचं आहे. मुसलमान दिसतो ईदच्या गळाभेटीत, नाहीतर दंगलीच्या बातमीत. शिष्यवृत्तीची बातमी असो की तलाकची, फोटो तोच: पाठमोऱ्या बुरख्यातल्या बाया. पीकविम्याच्या रांगेत परभणीचा शेख असतो, सोयाबीनचा भाव पडला की लातूरच्या पठाणाचंही घर बसतं. पण त्या बातमीत त्याला कोणी विचारत नाही. आणि आपणही पेपरला शीरखुर्म्याचे फोटो पाठवतो, पीकविम्याचं निवेदन पाठवत नाही. हसू नका, आपापले मोबाईल उघडून बघा.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय. भरभर सांगतो.

चुकीची बातमी दिसली की तारीख आणि पान क्रमांक दिसेल असं कात्रण ठेवा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव-पत्ता असतो. संपादकाला आधी लेखी पत्र, पोच घेऊन. कोणतं वाक्य चूक, खरं काय, पुरावा कोणता, एवढंच लिहा. समाजाच्या भावना दुखावल्या एवढंच लिहून थांबलात तर दुरुस्ती कशाची छापणार? दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था. दैनिक-साप्ताहिकासाठी छापल्यापासून 2 महिन्यांची मुदत. पत्राची प्रत, कात्रण आणि मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर जोडा. कौन्सिल दंड करत नाही, ताशेरे ओढते. अर्ज बहुधा मुदतीवर आणि भाषांतरावर अडतात.

वाहिन्या कौन्सिलकडे येत नाहीत. एनबीडीएसए ही वृत्तवाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी, वाहिन्यांनीच उभी केलेली संस्था; तिच्या सदस्य वाहिनीविरुद्ध प्रसारणापासून 7 दिवसांच्या आत आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ हवी. लिंक जपून ठेवा, व्हिडिओ काढून टाकतात.

आणि प्रेसनोट मराठीत, युनिकोडमध्ये, एका पानात. कोण, काय, कुठं, कधी हे पहिल्या दोन ओळींत. फोटोखाली डावीकडून नावं. दुपारीच पाठवा, संध्याकाळी डेस्कवर गर्दी असते. खाली ज्याचा नंबर द्याल त्यानं रात्रीही फोन उचलायला हवा; उपसंपादकाला शंका तेव्हाच येते, आणि फोन लागला नाही की बातमी एकाच बाजूनं जाते.