गाडी गळते कुठून?

मंडळी, आजचा विषय आहे डोंगरदऱ्यांत जाणाऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीतला आवाज कमी कसा करायचा. त्यासाठी पाऊण तास दिलाय. पाऊण तासात मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आवाज गळतो, पाणी गळतं तसा.

मुंबईकराला गळती समजावून सांगावी लागत नाही. जूनमध्ये स्वयंपाकघराच्या छताला ओल येते. आपण माणूस बोलावतो, तो ओलीवरच काहीतरी फासतो आणि जुलैत पुन्हा ओल येते. मग केव्हातरी कळतं, की पाणी वरच्यांच्या बाथरूमच्या पाइपाशी शिरतंय आणि स्लॅबमधून वाट काढत आपल्याकडे उतरतंय. ओल एकीकडे, भोक दुसरीकडे. गाडीत तेच होतं. घरघर पायाशी ऐकू येते म्हणून लोक पायाशी मॅट चिकटवतात.

हा पोळ्यांचा डबा घरून आणलाय. आत मोबाइलवर गजर लावून ठेवलाय. झाकण घट्ट लावलंय. मागच्या रांगेत ऐकू येतंय का? नाही ना? आता झाकण करंगळी शिरेल एवढंच उचलतो. बघा! आता फट तशीच ठेवून डब्याला हा जाड टॉवेल गुंडाळतो, दोन पदरी. फरक पडला? (समोरच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “अहो, आधी झाकण लावा की!”) आजी, माझं निम्मं व्याख्यान तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. खरंच सांगतो, हे वाक्य मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

या गाड्या मुळात एवढा आवाज का करतात, ते आधी पाहू. आपल्या माझगावातच चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू झाली. वर कॅनव्हास, बाजूंना जवळजवळ काहीच नाही. आजच्या गाड्या त्याच कुळातल्या. वेगळी चासी म्हणजे खालचा सांगाडा, तिच्यावर रबरी गाद्यांवर बसवलेली बॉडी, सपाट पत्रे, उभी काच, जाड ठोकळ्यांचे टायर, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आणि फरशीतून वर आलेले दोन दांडे, एक गिअरचा, एक फोर बाय फोरचा. आत शिरलेलं पाणी सोडून द्यायला फरशीला भोकं ठेवलेली असतात, ती वेगळीच. यातली प्रत्येक गोष्ट डोंगरात कामाची आहे. आवाज हा त्या कामाचा खर्च आहे, हे मान्य करूनच पुढे जायचं.

आता माझ्या गाडीची गोष्ट. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, डाव्या कानाने कमी ऐकतात. मुलुंडहून माळशेजमार्गे गावी जायचो तेव्हा ते माझ्या शेजारी बसत, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्या बाजूला. तरीही कल्याण सुटलं की ते गप्प होत. मला वाटायचं वयामुळे दमत असतील. एकदा ओतूरला चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, आणि आप्पा एकदम बोलायला लागले. मुरबाडला दिसलेला कुठला जुना वाडा, त्यात राहणारा त्यांचा शाळेतला मित्र, त्या मित्राचं लग्न, सगळं सलग. म्हटलं, “आप्पा, हे वाटेत का नाही सांगितलंत?” म्हणाले, “दोनदा सांगितलं रे. तू फक्त मान हलवलीस.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आवाजाचा त्रास म्हणजे डोकं दुखणं एवढंच आपण धरतो. शेजारी बसलेलं माणूस बोलायचं सोडून देतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी गाडी एका दुकानात नेली. नाव सांगणार नाही. त्यांनी सांगितलं, पूर्ण गाडी मढवू, दोन दिवस द्या. फरशी, दारं, छत, मागचा दरवाजा, सगळीकडे ॲल्युमिनियमचं कव्हर असलेली काळी डँपिंग शीट. अठ्ठावीस हजार रुपये मोजले. गाडी चांदीच्या डबीसारखी दिसायला लागली. फोनवर मोजलं, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला. आधी 78 डेसिबल होते, आता 77. फोनचं मोजमाप तंतोतंत नसतं, पण तोच फोन त्याच जागी ठेवला तर तुलनेला चालतो. एक डेसिबल! कानाला तर कळतही नव्हतं.

त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि वळणावर दारातून डुचमळल्यासारखा आवाज यायला लागला. कळशी कडेवर घेऊन चालताना येतो ना, तसा. दाराचं आतलं कव्हर काढलं तर खाली वीतभर पाणी. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काचेच्या पट्टीतून उतरणारं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. दुकानवाल्यांनी ती भोकं शीटखाली गाडून टाकली होती. फरशीवर शीटच्या वर त्यांनी स्पंजसारखा फोम घातला होता, तोही पाणी पिऊन बसला होता. बोटाने दाबला की पाणी वर यायचं, आणि खाली पत्र्यावर गंजाचे तपकिरी ठिपके. मुंबईत, चार महिने पाऊस असलेल्या गावात, ओढ्यात उतरणाऱ्या गाडीला पाणी पिणारा फोम! मला आजही त्याचा राग येतो. पैसे गेले त्याचं दुःख नाही. गाडी कुठे जाते एवढं तरी विचारायला हवं होतं.

शेवटी भांडुपच्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. थोडं अंतर गेल्यावर पुढे वाकले आणि हातातलं फडकं पाण्यात भिजवून, पिळून दोन्ही दांड्यांच्या बुडाशी दाबून धरलं. मंडळी, घरघर अर्ध्यावर आली. फडकं उचललं, घरघर परत. पुन्हा दाबलं, गेली. गाडी थांबवून त्यांनी वरचं चामडी कव्हर उचललं. खाली फोर बाय फोरच्या दांड्याचा रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीची फट झाकणारं घड्यांचं रबर, घडीवर उभा फाटला होता. त्यातून खालचा रस्ता दिसत होता. ट्रान्सफर केसचा आवाज, टायरचा आवाज, सायलेन्सरचा आवाज, सगळं त्या फटीतून सरळ वर. नवा बूट काही शे रुपयांचा होता.

हा चमत्कार नव्हे, साधं गणित आहे. समजा एखादा पडदा 40 डेसिबल अडवतो. म्हणजे आवाजाच्या ऊर्जेचा दहा हजारातला एकच भाग तो पलीकडे जाऊ देतो. त्याच पडद्याचा शंभरावा भाग उघडा ठेवला, तर त्या उघड्या भागातून शंभरातला एक भाग जातो. मग तो पडदा फार तर 20 डेसिबल अडवणार, बाकी कितीही जाड करा. एक चौरस मीटरच्या पत्र्यात शंभरावा भाग म्हणजे 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटर. आता जाडीचा हिशेब पाहा. एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर जवळपास आठ किलोचा असतो. नुसतं वजन वाढवून आणखी 6 डेसिबल अडवायचे तर वजन दुप्पट करावं लागतं, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला आणखी आठ किलो. भोक बुजवायला मात्र मूठभर रबर पुरतं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. आवाज कमी करायचा क्रम आता भरभर सांगतो.

आधी आवाज कोणाचा ते ओळखा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, घाटात कधीही नाही, साठच्या वेगाला क्षणभर क्लच दाबा. घरघर तशीच राहिली तर ती इंजिनची नाही; टायरची, वाऱ्याची किंवा ट्रान्सफर केसची. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायरचा. वारा ओळखायला दारांच्या आणि काचांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावा आणि तोच रस्ता पुन्हा धरा. टेपमुळे आवाज पडला, तर एकेक पट्टी काढत जा. जिची पट्टी काढल्यावर आवाज परत येईल, ती फट. दाराच्या रबरासाठी दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. ती अडखळत यायला हवी. सुळकन आली तर तिथलं रबर दबून गेलंय. रात्री गाडीत टॉर्च लावून बाहेरून पाहा, उजेड येतो तिथून आवाजही येतो. आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि आपल्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून, वायरी जातात तिथले रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातल्या रबरी कड्या, विसरू नका.

एक आवाज गेला की आकडा फार उतरत नाही, तिथे धीर सोडू नका. 75 आणि 75 डेसिबल मिळून 150 होत नाहीत, 78 होतात. म्हणून दोन सारख्यांपैकी एक पूर्ण बंद केला तरी तीनच उतरतात. दुसऱ्यालाही हात घातला की मग खरं कानाला कळतं.

टायर. महिन्यातून एकदा डोंगरात आणि एरवी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर असाल तर चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे मड टेरेन नको, रस्ता आणि डोंगर दोन्हीला चालणारे ऑल टेरेन घ्या. टायरच्या एका फेऱ्यात साठ ठोकळे असतील, तर साठच्या वेगाला सेकंदाला साडेचारशेच्या आसपास थापा बसतात. कानाला तो सलग सूर वाटतो. कुठल्याही मॅटपेक्षा टायर बदलून जास्त फरक पडतो, हे माझं ठाम मत आहे.

शीट वाईट नाही, तिचं काम वेगळं आहे. ती आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं मारते. स्टीलच्या ताटावर टिचकी मारा, ते वाजेल. मागे तळहात ठेवून पुन्हा मारा, नुसतं टक्. शीट म्हणजे तो तळहात. म्हणून ती सगळीकडे फासायची गरज नाही. सपाट पत्र्याच्या मध्यावर, पाव ते अर्ध्या भागात, पत्रा नीट पुसून, रोलरने दाबून बसवा. ब्यूटाइल रबराची घ्या, छपराची डांबरी पट्टी नको. ती उन्हात वास मारते आणि सुटते. दाराच्या तळाची भोकं मोकळी ठेवा. फरशीवर काही चिकटवू नका. पाणी न पिणारा फोम आणि वर जड रबरी मॅट घाला, उचलून वाळवता येईल अशी.

एक आवाज मात्र यातल्या कशानेही जाणार नाही. चार सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2000 फेऱ्यांना, सेकंदाला 67 वेळा पेटतं. तो जो छातीत घुमतो, त्याची एक लाट पाच मीटरची असते. तिला दोन मिलिमीटरची शीट काय अडवणार? तिथे इंजिनची आणि बॉडीची रबरं तपासायची. कडक झाली असतील तर बदलायची.

आमच्या गाडीत बूट, दारांची रबरं आणि टायर बदलल्यावर 72 वर आलो. परवा गावी गेलो. मुरबाडच्या आधीच आप्पांनी त्या वाड्याची गोष्ट पुन्हा काढली, आणि तो मित्र पुढे कुठे गेला हे मला पहिल्यांदा कळलं.

गाडी खाली गेटपाशी उभी आहे. बूट, रबरं, मॅट, सगळं उचलून दाखवतो. येताना दहाची नोट घेऊन या.