नवऱ्याची बदली आणि बायकोचं नागरिकत्व
(जळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, रावेर-यावलपासून शहाद्यापर्यंत गावोगावी कुणाची ना कुणाची लेक अमेरिकेत दिलेली आहे. स्थळ बघताना आपण पगार विचारतो, घर विचारतो. मुलाकडे तिथलं नागरिकत्व आहे की नुसता नोकरीचा व्हिसा, हे मात्र नीट विचारत नाही. आजचा नियम नेमका त्यावरच उभा आहे.

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या बाईला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाल्यावर साधारणपणे ३ वर्षं तिथे राहावं लागतं. त्यातले निदान १८ महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर काढावे लागतात. मग नागरिकत्वाचा अर्ज. आता समजा, जावयाची कंपनीने दुबईला किंवा सिंगापूरला बदली केली. मुलगी त्याच्यासोबत गेली तर ३ वर्षांचा हिशोब मोडतो, ग्रीन कार्डही धोक्यात येतं. मागे राहिली तर संसार दोन देशांत.

यावर तिथल्या कायद्यातच तोड आहे. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टचं कलम ३१९ (बी). नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि ठरावीक प्रकारच्या नोकरीवर निदान वर्षभरासाठी परदेशी नेमला असेल, तर बायकोला वास्तव्याची ही मुदत माफ आहे. ग्रीन कार्ड हातात आलं की ती लगेच अर्ज करू शकते. नागरिक बाईच्या नवऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

‘ठरावीक’ नोकरी कोणती? अमेरिकी सरकारची, तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या अमेरिकन संशोधन संस्थेची, संयुक्त राष्ट्रांसारख्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, काही धर्मसंस्थांची, किंवा अमेरिकेचा परदेश व्यापार वाढवणाऱ्या अमेरिकन कंपनीची अथवा तिच्या उपकंपनीची. आपली पोरं बहुतेक या शेवटच्या प्रकारात बसतात, आणि गफलतही तिथेच होते. ऑफिस न्यू जर्सीत असलं म्हणून कंपनी अमेरिकन ठरत नाही. मालकी निम्म्याहून जास्त अमेरिकन लागते. नवऱ्याने दुबईतच एखाद्या स्थानिक कंपनीत नोकरी धरली, तर सवलत संपली.

म्हणून कंपनीचं पत्र मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. कंपनीची मालकी कुणाची, धंदा काय, नवऱ्याचं काम काय, नेमणूक कुठे आणि किती काळ, हे सगळं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘ते हे बघतात’ असं म्हणून फाईल नवऱ्याच्या कपाटात ठेवू नका. अर्ज तिचा आहे, सही तिची आहे. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत नवऱ्याची ती नोकरी टिकली नाही तर अर्जच कोलमडतो. इतकी मोठी सवलत दुसऱ्या माणसाच्या नोकरीला बांधलेली असावी, हे मला खटकतं. पण कायदा तसा आहे, तेव्हा मुलीने तो पाठच करावा.

माफी फक्त मुदतीची आहे. इंग्रजीची आणि तिथल्या राज्यव्यवस्थेची परीक्षा द्यावीच लागते. मुलाखतीला आणि शपथेला अमेरिकेत हजर राहावं लागतं. नवऱ्याची परदेशातली नेमणूक संपताच अमेरिकेत परतून राहू, हा इरादाही दाखवावा लागतो.

आपल्याकडे उलट बाजूने पाहा. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी सुनेला नोंदणीने नागरिकत्व हवं असेल, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे अर्जाआधी ७ वर्षं भारतात राहावं लागतं. नवरा परदेशी नोकरीला गेला म्हणून तिला अशी सूट नाही.

आता शेताचं. दर वेळी कुणी तरी आई हळूच विचारते, नागरिकत्व बदललं तर बापाच्या बागेतला वाटा जातो का? नाही जात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि तो पासपोर्टवर अवलंबून नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते.

आणि शपथेनंतर लगेच माहेरी यायचा बेत करू नका. शपथ घेतली त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, जुना पासपोर्ट जमा करावा लागतो आणि त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग ओसीआय किंवा व्हिसा, आणि त्यानंतरच तिकीट.